पुरावा नसलेला राजा

आर्थर राजावरची २०२३ची ‘द विंटर किंग’ ही मालिका पहिल्या भागातच पटते, कारण असा राजा होऊन गेल्याचा भक्कम पुरावाच नाही. पुरावा नसला की वंशजांच्या भावना दुखावत नाहीत, जमिनीचा मोबदलाही कोणी मागत नाही. कोणी म्हणेल, तळ्याचीच दंतकथा हवी तर आपली मुळशी आहे की! आहे, पण आर्थरला तळ्यातून तलवार मिळाली, इथे धरणाच्या तळ्यात गावे गेली. शिवाय त्या धरणाविरुद्धच्या १९२१च्या सत्याग्रहाची कागदपत्रे शिल्लक आहेत (मालिकेला याहून मोठी अडचण नाही), आणि त्याचे नेतृत्व करून, तलवार न उपसता ‘सेनापती’ झालेले बापट प्रेक्षकांना खरे कसे वाटावेत? मुळशीला डावलले, हा आक्षेप मात्र टिकत नाही. धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते, त्याची वीज मुंबईला जाते आणि तिथल्या पडद्यावर आर्थर स्वच्छ दिसतो.