उठावाची फुलं

आमच्या घरी पाहुणा आला की मी त्याला आधी हॉलमधल्या एका भिंतीपाशी नेते आणि मग पाणी विचारते. नांदेडच्या मे महिन्यात हे वागणं माणुसकीला धरून नाही, हे मला कळतं. पण तहानलेला माणूस वाद घालत बसत नाही, चटकन "वा वा" म्हणतो. भिंतीवर माझी फुलं आहेत. रद्दीची. कापून, वळवून, थरावर थर चिकटवून पुठ्ठ्यापासून चांगली दोन बोटं वर उठलेली. कमळ, शेवंती, जास्वंद, आणि एक गुलाब, जो सगळ्यांना पत्ताकोबी वाटतो.

पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले. "घरीच केलं का?" (नाही, पुण्याहून मागवलं!) "यूट्यूबवर बघून?" आणि "विकताव का?" विकत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न कुणी तोंडानं विचारत नाही, पण चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतो : मग कशाला?

एका महिला मंडळाच्या प्रदर्शनात मला टाकाऊतून टिकाऊ विभागात बसवलं. माझ्या डावीकडे पाण्याच्या बाटल्यांचं झुंबर, उजवीकडे जुन्या साड्यांची पायपुसणी. पहिलं बक्षीस पायपुसण्यांना गेलं. मला उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा मिळाला. डबा चांगला आहे, झाकण घट्ट बसतं, मी त्यात कात्र्या ठेवायला लागले. पण पायपुसणी!

असा अपमान झाला की मी मिसेस डेलनींच्या आश्रयाला जाते. मेरी डेलनी या इंग्रज बाईंनी 1772 साली, वयाच्या 72व्या वर्षी, कागदाची फुलं करायला घेतली आणि पुढच्या दहाएक वर्षांत, डोळ्यांनी साथ सोडेपर्यंत, जवळजवळ हजार फुलं केली. काळ्या रंगवलेल्या कागदावर एकेका फुलाचे शेकडो बारीक तुकडे. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कागद कुठला, तर चीनहून येणाऱ्या जहाजांच्या कप्तानांकडून घेतलेला, आणि भिंतीचे कागद रंगवणाऱ्यांकडचा रंग फुटून वाया गेलेला. म्हणजे रद्दीच! त्यांना कुणी झुंबराशेजारी बसवलं नाही. शिवाय, हे मी फक्त घरात बोलते, त्यांची फुलं सपाट आहेत. माझी उठावाची आहेत. आणि 72ला मला अजून बराच अवकाश आहे.

आता कागदाविषयी. वर्तमानपत्र सगळ्यात निरुपयोगी. नांदेडचं 'प्रजावाणी' असो की लातूरचं 'एकमत', मजकुरात फरक असेल, कागदात नाही. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, ते उजेडानं पिवळं पडतं. मोगरा करायला घ्यावा आणि थोड्याच दिवसांत तिथं सोनचाफा दिसावा. झेरॉक्सचा कागद बरा, पण त्याची ओढ ओळखावी लागते. कोणताही कागद एका दिशेनं सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेनं वाकडातिकडा. पाकळीचं टोक मागे वळवायचं असेल तर ती सरळ फाटणारी दिशा पाकळीला आडवी यायला पाहिजे. नाहीतर टोक वळत नाही, मोडतं. मग पाकळी तळहातावर ठेवून चमच्याच्या पाठीनं दाबत गोल फिरवायचं. ती खोलगट होते आणि कागद आपलं कागदपण सोडतो. चिकटवायला मी आधी मैद्याची खळ करायचे, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकून. सासूबाईंनी मैद्याच्या डब्याशेजारी मोरचुदाची पुडी बघितली, त्या दिवसापासून आमच्या घरी फेविकॉल आहे.

खरं सोनं मात्र लग्नपत्रिकेत. इथं मला जरा सविस्तर बोलू द्या, घरी कुणी बोलू देत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या पत्रिकेवर आधी तुळजाभवानी प्रसन्न, मग माळेगावचा खंडोबा प्रसन्न. मग प्रमुख उपस्थितीत आजी आमदार, माजी आमदार आणि भावी आमदार. त्याखाली कापरासारखी भुरकन उडून जाणारी टीप : लग्न वेळेवर लागेल. सगळ्यात शेवटी मावशीच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी चिल्लीपिल्ली, ज्यांतल्या निम्म्यांना अजून बोलता येत नसतं. आणि हे सगळं काय कागदावर! मखमली, मोतिया, सोनेरी वर्खाचा. लाल रंग तर असा, की जास्वंदीनं येऊन शिकून जावं.

पण या कागदानं माझी मनःशांती घालवली. पत्रिका सगळ्यांना सारखी नसते. पुढाऱ्याला खोक्यातली, आत सुक्या मेव्याची पुडी. खास सोयऱ्याला जाड, वर्खाची. आणि उरलेल्यांना पातळ, एकघडी. पूर्वी मी पत्रिका वाचायचे आणि तारीख लक्षात ठेवायचे. आता अंगठा आणि तर्जनीत धरली की आपण त्या घरात कितव्या पायरीवर आहोत ते जीएसएममध्ये, म्हणजे कागदाच्या वजनात, कळतं. गेल्या वर्षी सोयऱ्यांतल्याच एका लग्नाची पत्रिका आमच्याकडे पातळ आली आणि जाऊबाईंकडे खोक्यातली. आमची घरं एकाच गल्लीत. मी काही बोलले नाही. लग्न झाल्यावर जाऊबाईंची पत्रिका "फुलासाठी लागायली" म्हणून मागून आणली आणि कात्री चालवली. त्या वेळी हातात जो जोर आला तो एरवी येत नाही. कमळ मात्र सुरेख झालं.

अडचण गणपतीची. प्रत्येक पत्रिकेवर तो असतोच, कधी पानावर, कधी सुपारीत, कधी नुसती एक रेघ ओढून. सासूबाईंनी एकदा बघितलं. "गणपतीवर कात्री चालवायलीस?" तेव्हापासून मी गणपती आधी कडेकडेनं अलगद कापून बाजूला ठेवते. टाकवत नाहीत. गोदावरीत सोडावेत तर तिच्यात आधीच काय काय सोडलेलं आहे. बक्षिसाच्या डब्यातून कात्र्या बाहेर आल्या, आत गणपती बसले. झाकण घट्ट आहे म्हणाले ना. अडचण निमंत्रकांच्या यादीचीही. थोरल्याच्या पत्रिकेत श्री. असलेला माणूस धाकट्याच्या पत्रिकेत कै. होऊन येतो. ती पाकळी मी सगळ्यात खालच्या थरात लावते.

चौकटीचं राहिलंच. उठावाच्या कामाला खोल चौकट लागते, नाहीतर काच पाकळ्यांवर टेकते. फ्रेमवाल्यानं माझं कमळ उलटसुलट करून बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, फोटो कुठंय?" मी म्हटलं, फोटो नाही, एवढंच आहे. तो समजूतदारपणे मान हलवून म्हणाला, "राहू द्या, नंतर आणा. हाराला खिळा लावून ठेवतो."

माझं माहेर लातूर, सासर नांदेड. विभागीय आयुक्तालय कुठं व्हावं यावरून 2009 साली या दोन गावांत जुंपली, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातही दोन पक्ष होते. दोन्हीकडच्या क्लासांत कोण पुढे, हा वादही चालूच असतो. रद्दीच्या बाबतीत मात्र निःपक्षपातीपणे सांगते, लातूर सरस. तिथं ट्यूशन एरियाजवळ माझ्या भावाचं घर आहे, वरच्या खोल्या तो डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी क्लासला आलेल्या मुलांना भाड्यानं देतो. परीक्षा झाली की मुलं गाद्या गुंडाळून गावी जातात आणि कागद मागे ठेवतात. सराव परीक्षांचे पेपर, गुलाबी गोलांच्या उत्तरपत्रिका, कच्च्या कामाची पानं. भाऊ गठ्ठे बांधून माझ्यासाठी ठेवतो.

पहिल्या आलेल्या मुलांची रद्दी मला कधीच मिळत नाही. त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स निघतात, विकल्या जातात, आणि फोटो चौकाचौकात फ्लेक्सवर झळकतात. माझ्याकडे येतो तो उरलेल्यांचा कागद. एका मुलाच्या गठ्ठ्यात प्रत्येक पेपरच्या कोपऱ्यात एक वजाबाकी होती. 720 वजा 412, बरोबर 308. पुढच्या पेपरवर 720 वजा 398. पुन्हा वजाबाकी, उत्तराखाली दोन रेघा. मिळालेले गुण त्यानं एकदाही अधोरेखित केले नव्हते, राहिलेलेच केले होते. घरून डबा नाही, आई नाही, कूलर भाड्याचा, आणि सतरा-अठराव्या वर्षी रोज रात्री आपण किती कमी आहोत याचा हिशेब. हा हिशेब त्याला शिकवला कुणी? आपण सगळ्यांनी, पेढे खाताखाता.

तो कागद मी जपून ठेवला, असं इथं लिहिलं तर शोभून दिसेल. पण कागद चांगला होता, मी कापला. त्याची शेवंती केली आणि एरवी छापील बाजू आत घालते ती या वेळी बाहेर ठेवली, आकड्यांसकट. परवा एक गृहस्थ तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. चष्मा वर केला, जवळ गेले, पाकळी वाचली. अखेर कुणीतरी माझं काम मनापासून बघतंय म्हणून मी पदर सारखा केला. ते वळले आणि म्हणाले, "412ला एमबीबीएस कुठं लागतंय हो? कॅटेगरी कोणती?"

मी चहाचं विचारलंच नाही.

असो. लग्नसराई तोंडावर आहे म्हणून एक विनंती. घरातल्या जुन्या पत्रिका रद्दीत घालू नका, नांदेडकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती मला पाठवा. प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेल्या नकोत, त्यांच्यावर फेविकॉल धरत नाही. गणपती तेवढा काढून घ्या, डब्यात आता जागा नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवणाऱ्यांनो, लग्नाला आम्ही येऊ, पण तुमच्या पत्रिकेची पाकळी होत नाही.