गूगलचे कसे व्हावे : नव्या फोनधारकांसाठी सहा सोप्या पायऱ्या

पात्रता : अर्जदार चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्याचा रहिवासी असावा. हाती फोन असावा. रेंज टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नसली तरी चालेल. अटी वाचून मगच सही करण्याची खोड असल्यास ती आधी मोडावी.

पायरी 1 : खाते काढणे
हे काम स्वतः करू नये. मोबाइलच्या दुकानातला पोरगा जीमेल काढून देतो, पासवर्डही तोच ठरवतो आणि महिन्याभरात तोच विसरतो. मध्येच स्क्रीनवर लांबलचक मजकूर येतो. पोरगा तुमच्या वतीने ‘मी सहमत आहे’वर बोट ठेवतो. “काय होतं भाऊ ते?” असे विचारल्यास “काही नाही जी, असंच असते” हे अधिकृत उत्तर समजावे. भारतातले शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात आणि खात्याशिवाय प्ले स्टोअरचे दार उघडत नाही. निवड करण्याचा त्रास कंपनीने आधीच वाचवला आहे.

पायरी 2 : माणसाला रस्ता न विचारणे
भामरागडला निघाल्यास एसटीच्या कंडक्टरला किंवा चहाच्या टपरीवर विचारण्याची जुनाट पद्धत सोडावी. गूगलच्या नकाशातली निळी रेघ धरावी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे टपरीवाल्याला सकाळीच ठाऊक असते. पण त्याच्याकडे उपग्रह नाही, तेव्हा त्याचे ऐकू नये.

पायरी 3 : मोजणी न मागणे
ज्यांनी उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली असतील त्यांना ही पायरी जड जाईल. फळीवर, म्हणजे पाने जमा करायच्या जागी, सगळा हिशेब तुमच्या डोळ्यांदेखत होतो : 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. मुन्शीने दोन पुडे खराब म्हणून बाजूला टाकले तरी बाया त्याला तिथेच फैलावर घेतात. फोनमधला माल मात्र बिनबोभाट उचलला जातो. तुम्ही काय शोधले, कुठे किती वेळ थांबलात, कोणता व्हिडिओ अर्ध्यावर सोडला, हे रोज कंपनीकडे जाते आणि त्यावर जाहिराती विकल्या जातात. ना फळी, ना मुन्शी, ना भांडण. बदल्यात नकाशा, टपाल आणि व्हिडिओ फुकट. फुकटाच्या व्यवहारात दर विचारणे शोभत नाही.

पायरी 4 : भाषेचा आग्रह सोडणे
घरी गोंडी किंवा माडिया बोलत असाल तर धीर धरावा. जून 2024 मध्ये गूगलने अनुवादात एकदम 110 भाषांची भर घातली. त्यात संथालीचा नंबर लागला, गोंडीचा नाही. गोंडीचा लागेल तोवर मराठी-हिंदीतून शोधावे आणि जे सापडत नाही ते जगात नाही, असे धरून चालावे.

पायरी 5 : दंडाच्या बातम्यांनी विचलित न होणे
ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात 1337.76 कोटी आणि प्ले स्टोअरच्या प्रकरणात 936.44 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दुसरी रक्कम पुढे अपिलात बरीच खाली आली. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी कंपनीने शोधसेवेतली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. त्याच खटल्यात बाहेर आले की, फोन आणि ब्राउझरवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसलेले असावे म्हणून कंपनीने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर मोजले होते. यावरून नवशिक्याने एवढेच शिकावे : आपल्या सवयीला भाव आहे, फक्त तो आपल्या हाती पडत नाही.

पायरी 6 : मेंढा-लेखाला न जाणे
धानोरा तालुक्यातले हे गाव अभ्यासक्रमाबाहेर आहे. तिथे ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. आधी अभ्यासगट बसतो. विषय सगळ्यांना उमजेपर्यंत बोलणे चालते, आणि कुणाचे मन मानत नसेल तर सभा पुन्हा बसते. असल्या संथ कारभारातून या गावाने 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याकडून आपल्या हाती घेतले. तिथे चुकून मुक्काम पडलाच, तर परतल्यावर ‘मी सहमत आहे’ दाबताना बोट अडखळते आणि पहिल्या पायरीपासूनची सगळी मेहनत वाया जाते.

धोक्याची सूचना : गूगल खात्यात ‘डेटा आणि गोपनीयता’ नावाचा भाग असतो. तो उघडू नये. तिथे तुमची साठवलेली हालचाल दिसते, ती पुसता येते, आणि 3 महिन्यांहून जुने सगळे आपोआप पुसले जावे असेही ठरवता येते. हे सर्व करायला फळीवर एक पुडा मोजण्याइतकाच वेळ लागतो. ज्यांनी ते केले, त्यांनी ही मार्गदर्शिका दुसऱ्या कुणाला द्यावी; त्यांना आता तिचा उपयोग नाही.