क्षुल्लक कारणावरून

शेजारच्या मावशीचा नातू तिसरीत आहे. वाचायला नुकताच लागल्यामुळे तो दिसेल ते वाचतो. एसटीची पाटी, खताचं पोतं, भजी बांधून आलेला कागद. मध्यंतरी त्यानं भज्यांच्या कागदावरची बातमी तेलाच्या डागांतून वाट काढत आजीला वाचून दाखवली. दारूसाठी पैसे दिले नाहीत म्हणून नवऱ्यानं बायकोच्या डोक्यात वरवंटा घातला होता. ‘क्षुल्लक कारणावरून घडलेल्या या घटनेने परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’

मावशीनं मला ओट्यावरून हाक मारली.

“भाऊ, तुमी पेपरात लिहिता ना? हे क्षुल्लक म्हंजे काय?”

“लहानसं. मोजण्यात न येणारं.”

“कोन? ते बाई?”

आमच्या भातकुलीत उन्हाळ्यात बाराच्या ठोक्याला पंखा बंद पडतो, तसं माझं झालं.

घरी येऊन जुने अंक काढले. वऱ्हाडातला कुठलाही पेपर घ्या, आतल्या पानावर क्षुल्लक कारणांची रांगच लागलेली. भाजीत मीठ कमी होतं. चकणा एकट्यानंच संपवला. एकाच पव्व्यात दोघे भागीदार असताना एकानं मोठा घोट घेतला. ‘माझ्याकडे काहून पाहून राहिला?’ हे तर बारमाही कारण. एवढ्याशा गोष्टींवरून माणसं माणसांना मारत असतील, तर आमचा प्रदेश किती तापट, असं परक्याला वाटेल. पण हेच मीठ, हाच चकणा आणि हेच पाहणं सकाळी दहा वाजता घडलं तर कोणी कोणाला मारत नाही. फार तर सासूचा उद्धार होतो.

मग खरं कारण गेलं कुठं? ते बातमीतच असतं, पण व्याकरणात लपलेलं. ‘दारूच्या नशेत’. शाळेत गुरुजींनी छडीनं शिकवलेलं आठवा: नशेत, सप्तमी विभक्ती, अधिकरण. म्हणजे नशा ही जागा झाली. बसस्टँडवर मारलं, नाल्यात मारलं, शेतात मारलं, तसं नशेत मारलं. जागेवर कोणी गुन्हा नोंदवत नाही. जागेचा फक्त पंचनामा होतो.

कायदा मात्र व्याकरणात आमच्यापेक्षा पक्का. आपल्या हातानं प्यायलेल्याची नशा ही सबब चालत नाही, असं इंग्रजांनी 1860 सालच्या दंडसंहितेतच लिहून ठेवलं. त्याच दंडसंहितेत दारू पिऊन चौकात धिंगाणा घालणाऱ्याला 24 तासांपर्यंत कैद किंवा 10 रुपयांपर्यंत दंड होता. हे 10 रुपये राणीच्या राज्यापासून 2024 च्या जूनपर्यंत तसेच टिकले. अख्ख्या भारतात एवढी वर्षं न वाढलेला दुसरा भाव दाखवा, मी माझा कापूस त्या भावानं विकतो. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली आणि दंड 1000 रुपयांपर्यंत गेला. सोबत सामुदायिक सेवेची शिक्षाही आली. आमच्याकडे ती पूर्वीपासूनच आहे, फक्त उलटी: पडलेल्याला घरी उचलून नेण्याची सेवा समुदाय करतो.

आता भातकुलीबद्दल. बाहेरगावचा माणूस हे नाव हमखास ‘भातुकली’ असं वाचतो. पूर्वी मी दुरुस्त करायचो, आता करत नाही; का ते ऐका. राज्यात 1949 सालचा दारूबंदीचा कायदा आहे. उत्पादन शुल्क खात्याची माणसं भट्टीवर धाड घालतात ती त्याच कायद्याखाली, आणि दुकानावर ‘सरकारमान्य देशी दारू’ अशी पाटी लागते तीही त्याच कायद्याखाली. प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा, देशीसाठी 2 रुपये, विदेशीसाठी 5 रुपये. जन्मभराचा 1000 रुपयांत. आणि परवाना कशासाठी? तर प्रकृती सांभाळण्यासाठी! म्हणजे पोळ्याच्या करीला आमच्या गावात जेवढे लोक नालीत आडवे असतात, ते सरकारदप्तरी औषध घेऊन विश्रांती घेत असतात. भातुकली म्हणजे याहून वेगळं काय? खोटा भात, खोटी चूल, खोटी बंदी. फक्त वरवंटा खरा.

आमचा तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पिण्याच्या गोड पाण्यासाठी दुरून नळ आणावे लागले. देशीला कधी दुरून आणण्याची वेळ आली नाही.

एक पव्वा सरकारी कचेऱ्यांतून कसा फिरतो, ते एकदा पाहाच. उत्पादन शुल्काच्या वहीत तो जमेच्या बाजूला: महसूल. रात्री तो पोलीस ठाण्यात येतो: ‘नशेत’. तिथून दवाखान्यात, जखमीच्या केसपेपरवर: ‘तोंडास दारूचा वास’. आणि हाच पिणारा शेतकरी कर्जापायी एक दिवस फवारणीचं औषध प्यायला, तर पव्वा तहसिलीत पोचतो. चौकशी होते, समिती बसते. शेतकरी आत्महत्या पात्र ठरली तर कुटुंबाला 1 लाख रुपये. पण चौकशीत कोणी सांगितलं की गडी प्यायचा, तर शेरा पडतो: व्यसनाधीनता, अपात्र. विकताना त्याची पात्रता कोणी विचारत नाही. दोन रुपयांच्या परवान्याचीही नाही. मेल्यावर मात्र त्याला नापास करायला खात्याखात्यांचे परीक्षक जमतात. एकच बाटली, एका वहीत मिळकत आणि दुसरीत चारित्र्य. दोन्ही वह्या एकमेकींशेजारी ठेवून बेरीज करणारा कारकून अजून नेमला गेलेला नाही. त्या पदाला मंजुरी नसावी.

बेरीज मावशीनंच केली. तिची लेक सरकारच्या योजनेतली लाडकी बहीण आहे, महिन्याला 1500 रुपये जमा होतात. जून 2025 मध्ये राज्यानं दारूवरचा कर वाढवला, वर्षाला 14 हजार कोटी जास्तीचे मिळतील असं सांगितलं. 180 मिलिलिटर देशीचा किमान भाव 80 रुपयांवर गेला. मावशीचा जावई रोज एकच घेतो. (एकच घेतो हे त्याचं म्हणणं आहे, आपण सभ्यपणे मान्य करू.) तीस दिवसांचे झाले 2400. यातले सगळे काही सरकारकडे जात नाहीत, कारखानदार आहे, दुकानदार आहे, सगळ्यांची पोटं आहेत. पण घरातून गेले 2400 आणि लेकीच्या खात्यात आले 1500.

मावशी म्हणाली, “भाऊ, मंग हे ओवाळणी कोन कोनाले टाकून राहिलं?”

तिला म्हटलं, बायांनी मनात आणलं तर गावातलं दुकान बंद होतं, तशी सोय आहे. पंचवीस टक्के बायांनी अर्ज द्यायचा, मग गुप्त मतदान. कागदावर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का मारला की दुकान आडवं.

“इतकं सोपं?”

इतकं सोपं नाही. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात, आणि तीही मतदानाला आलेल्यांतली नाहीत, यादीतल्या एकूण बायांपैकी. आमदार एका मतानं निवडून येतो, निम्मा मतदारसंघ घरी झोपलेला असला तरी येतो. बाटलीला पाडायचं असेल तर मात्र सगळी यादी हलवावी लागते. यादीत कोण कोण असतं? लग्न होऊन परतवाड्याला गेलेली, वीटभट्टीवर गेलेली, पुण्यात भांडी घासायला गेलेली, आणि तीन वर्षांपूर्वी वारलेली. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात. वरवंट्यानं मेलेली बाईसुद्धा, तिचं नाव कमी होईपर्यंत, त्या दिवशी दारूच्या बाजूनं उभी असते. एवढी एकनिष्ठ मतदार कुठल्या पक्षाला लाभली असेल?

दारूशी भांडलेले गाडगेबाबाही आमचेच. शेंडगावला जन्म, वलगावजवळ पेढीच्या काठी 20 डिसेंबर 1956 ला देह ठेवला. तीच पेढी पुढं आमच्या तालुक्यातून वाहते. त्यांचे वडील दारूनं गेले. म्हणून पोरीच्या बारशाला बाबांनी रीतीप्रमाणे दारू-मटण न देता गोडाचं जेवण घातलं, भाऊबंद रुसले तरी. सरकारनं बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं, चांगलंच केलं. झाडू उचलला, बारसं तिथंच ठेवलं. तुकडोजी महाराजही यावलीचे, म्हणजे हाकेच्या अंतरावरचे. दोघांच्या तसबिरी कचेऱ्यांच्या भिंतीवर शेजारी शेजारी असतात, आणि खाली महसुलाचं उद्दिष्ट किती गाठलं याचा तक्ता. तसबिरींना मान खाली घालून वाचता येत नाही, हे बरं आहे.

असो. मला शब्दाचा प्रश्न सोडवायचा होता. मी पेपरच्या कचेरीत गेलो आणि बातम्या पाहणाऱ्या पोराला सांगितलं की ‘क्षुल्लक कारण’ हा शब्द यापुढं छापू नका, वाचणाऱ्या बाया विचारतात. त्यानं मनापासून ऐकलं, चहा पाजला, वहीत लिहूनही घेतलं.

परवा अंक आला. मावशीच्या ओट्यावर नातू बातमी वाचत होता. मित्रामित्रांत दारू पिताना वाद, डोक्यात दगड. पुढं स्वच्छ छापलं होतं: ‘किरकोळ कारणावरून’.

“आता हे किरकोळ म्हंजे काय?” मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडण्याआधी नातू बोलला. त्याला हा शब्द येत होता.

“बाटलीवर असते ना, आजी. बाबाच्या. किरकोळ किंमत.”