आमचा तं पोरगाच हाये!

यवतमाळकडे एखादी पोर चिंचेवर चढली, कबड्डीत पोट्ट्यांना लोळवू लागली, की आजी कपाळाला हात लावते, "माय वं, पोट्टं व्हायचं होतं, पोट्टी झाली!" तीच पोर जुलैत डवरं धरून तासामागून तास काढू लागली, की बाप पारावर मिशी पिळतो, "आमचा तं पोरगाच हाये!"

पदवी हंगामी असते. कापूस फुटला की ती परत पोरगी, कारण वेचणी बायकांची. वेचणीत वाकबगार असलेल्या पोराला "आमची पोरगीच हाये" म्हणून मिरवणारा बाप मात्र अजून जन्मायचा आहे. वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापून हाच हिशेब मागितला होता.

गंमत सातबाऱ्यापाशी येते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशानं २००५ मध्ये. आता तरी ती 'पोरगा' ठरावी! छे, नेमकी त्याच दिवशी ती गुणाची लेक होते. निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर बोट ठेवून भाऊ मायेनं पेन पुढे करतो, "ताई, फुली केली ना, तिथं." साडी आधीच आणलेली असते. चहाचे पैसेही तोच देतो.