दिवा आपला, मर्जी मालकाची

स्मार्ट बल्ब भिंतीवरच्या बटणाने लावणं हे मागासपणाचं लक्षण आहे. पुढारलेला माणूस सोफ्यावरून ॲपवर बोट टेकवतो. मग ती आज्ञा घरच्या राउटरमधून बाहेर पडते, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरपुढे हजेरी लावते, तिथून होकार घेऊन परत येते आणि तीन हातांवरचा दिवा लागतो. हे सगळं सेकंदाच्या आत उरकतं, म्हणून या द्राविडी प्राणायामाला प्रगती म्हणायचं. बऱ्याच स्वस्त उपकरणांची तऱ्हा अशी की इंटरनेट गेलं तर वीज असते, बल्ब धड असतो, बोटही धड असतं. ॲपला फक्त परवानगी मिळत नाही. आणि परवानगी देणाराच एक दिवस उठून गेला तर? रिव्हॉल्व्ह नावाचा घर-नियंत्रक अमेरिकेत २९९ डॉलरला, आजीवन सेवेच्या वचनासह विकला गेला. २०१४ साली नेस्ट कंपनीने तो बनवणारी कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. आजीवन म्हणजे कोणाचं जीवन, हे गिऱ्हाइकांनी आधी विचारून घ्यायला हवं होतं. मुंबईच्या पागडीच्या खोलीत निदान मालक समोर येऊन भांडतो तरी. इथे ॲपमध्ये एक सूचना येते आणि खोलीच नाहीशी होते.

या व्यवस्थेवर काही उद्योगी माणसांनी शोधलेला उतारा म्हणजे उपकरण चालवणारा कंपनीचा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, पुसून तिथे टास्मोटा किंवा ईएसपीहोम बसवणं. दोन्ही फुकट, दोन्हींचा सोर्स कोड उघडा. ते बसवल्यावर स्मार्ट प्लग घरातल्या घरात आज्ञा ऐकतो आणि परदेशी चुगल्या बंद करतो. हे जमलं, कारण नाना छापांच्या प्लगांच्या पोटात बऱ्याचदा एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही एकच चिप निघायची, आणि त्यावर चालणारी प्रणालीही बहुधा हांगझोउच्या तुया कंपनीची असायची. २०१८च्या डिसेंबरात जर्मनीतल्या लाइपझिगच्या हॅकर संमेलनात या उपकरणांतल्या त्रुटी दाखवल्या गेल्या. पाठोपाठ डबी न उघडता, वायफायवरूनच फर्मवेअर बदलण्याची युक्ती लोकांच्या हाती आली. मालकाला आपल्याच वस्तूत शिरता येतं हे कळताच ते भोक मोठ्या तत्परतेने बुजवलं गेलं. पुढे अनेक प्लगांमधली चिपही बदलून बेकन कंपनीची आली. लोकांनी तिच्यातही वाट काढली.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. अनोळखी लोकांनी लिहिलेला प्रोग्रॅम घरात घ्यायचा? प्रश्न रास्त आहे. पण कंपनीचा प्रोग्रॅम लिहिणारे आपल्या कोणत्या गोतातले? २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि राउटर ओलीस धरून इंटरनेटचा मोठा भाग आडवा केला, तो कारखान्यातूनच बसवून आलेल्या पासवर्डांच्या जोरावर. त्यासाठी कोणा हौशी माणसाला काही बदलावं लागलं नव्हतं. दुसरा आक्षेप जिवाचा, आणि त्यात विनोद नाही. २३० व्होल्टचा प्लग उघडून, डाग देऊन तारा जोडायच्या आणि तो भिंतीत असतानाच संगणकाला लावायचा, हा मरणाचा रस्ता आहे. म्हणूनच वायफायची बिनधोक वाट बंद करणाऱ्यांनी ‘आत हात घालू नका, धोका आहे’ असं बजावावं, यातलं मार्दव दाद देण्याजोगं आहे. उरला वॉरंटीचा मुद्दा. सर्व्हर गेल्यावर ती कोणाकडे मागायची, तेवढं सांगा.

सामान्य माणसाला हे सारं जमणार नाही, हे मात्र खरंच. म्हणून तर फर्मवेअर बदलायची सोय कंपनीने द्यावी, निदान दुकान बंद करताना किल्ल्या ठेवून जावं, अशी मागणी करायची. ती मान्य केल्याने कोणी भिकेला लागत नाही. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं उघड झालं आणि परवान्याच्या अटींमुळे कंपनीला २००३ साली सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं फर्मवेअर उभं राहिलं, आणि फर्मवेअर बदलणाऱ्यांसाठी कंपनीने नंतर खास वेगळं मॉडेल काढून ते वर्षानुवर्षं विकलं. पण कायद्याला हे ऐकू येत नाही. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडायला बंदी आहे. कोणाला सूट द्यायची हे संसदेच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल दर तीन वर्षांनी ठरवतात. घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीसाठी अशी सूट मिळाली ती २०१८ साली. फ्रिज दुरुस्त करायचा तर आधी ग्रंथपालांची मर्जी!

किल्ल्या मिळत नसतील तर अख्खी कंपनीच विकत घ्यावी, हा राजमार्ग उरतोच. इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीने एप्रिल २०२२ मध्ये काही न सांगता सर्व्हर बंद केले, तेव्हा तिच्या काही ग्राहकांनी खरोखरच पैसे गोळा केले, दोन महिन्यांत कंपनी खरेदी केली आणि सर्व्हर पुन्हा चालू केले. मग या नव्या मालकांनी ग्राहकांना वार्षिक वर्गणी लावली.