कूळ उसाचं, गुण पॉलिथीनचे

ब्राझीलच्या दक्षिणेला त्रिउन्फो इथे 2010 पासून उसाचं पॉलिथीन बनतं. कारखाना सुरू झाला तोच वर्षाला दोन लाख टनांच्या क्षमतेचा. उसापासून अल्कोहोल, अल्कोहोलच्या रेणूतलं पाणी काढलं की इथिलीन, आणि इथिलीनचे रेणू एकमेकांना जोडत गेलं की पॉलिथीन. आपल्या साखरसम्राटांच्या कानावर हे अजून नीट गेलेलं दिसत नाही. नाहीतर पुढच्या मोळीपूजनालाच कोनशिला बसली असती.

गंमत पुढेच आहे. उसाची पिशवी आणि खनिज तेलाची पिशवी यांचा रेणू एकच. नाल्यात दोन्ही सारख्याच तुंबतात, गाईच्या पोटातही सारख्याच अडकतात. उसाने हवेतला कार्बन घेतला, जमिनीखालचं तेल तेवढं वाचलं, हा फायदा खरा. तो नाकारायचं कारण नाही. पण 'निसर्गातून आली म्हणजे निसर्गात जाणारच' हे आपणच आपल्या खर्चाने जोडलेलं शेपूट.

आपल्याकडे स्थळ आलं की आधी कूळ विचारतात. मुलगा काय करतो ते नंतर. पॉलिमरच्या बाबतीतही तेच चाललंय. वेष्टनावर हिरवं पान छापलं, मक्याचं कणीस काढलं, की बैठक पक्की.

आता उलटं उदाहरण घ्या. भाजीवाल्याकडची ती मऊ, किंचित तेलकट लागणारी, दोन किलो टोमॅटोंना बंदाशी लांबत जाणारी पिशवी. 'मी प्लास्टिक नाही' असं ती इंग्रजीतून स्वतःच सांगते. अशा पिशव्यांमध्ये स्टार्चच्या जोडीला बहुतेक वेळा पीबीएटी नावाचं पॉलिमर असतं, आणि ते सहसा खनिज तेलातूनच येतं. तरीही ते कुजतं. कारण त्याच्या साखळीत ठिकठिकाणी एस्टरचे जोड असतात आणि जिवाणूंच्या विकरांना ते तोडता येतात. पॉलिथीनच्या साखळीत कार्बनला कार्बन, नुसता कार्बनच. जिवाणूने दात लावायचे कुठे? म्हणजे तेलाच्या घराण्यातलं पोर कुजतंय आणि उसाच्या घराण्यातलं पिढ्यान्पिढ्या टिकतंय. कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे जरा सावकाश वाचावं.

अर्थात कुजतं म्हणजे कुठे कुजतं? प्रयोगशाळेत. पिशवीचे तुकडे तयार कंपोस्टमध्ये मिसळतात, तापमान 58 अंशांच्या आसपास राखतात, हवा खेळती ठेवतात आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजत बसतात. सहा महिन्यांच्या आत 90 टक्के कार्बन असा वायू होऊन निघाला पाहिजे. शिवाय वेगळ्या चाचणीत बारा आठवड्यांनी कंपोस्ट दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचं. वर दहा टक्क्यांहून जास्त पिशवी उरली तर नापास. चोख काम आहे, करणाऱ्यांबद्दल आदरच आहे. प्रश्न आहे तो 58 अंशांचा. नागपूरचा मे महिनाही इथे दहा अंशांनी कमी पडतो; मग तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीने काय करायचं?

उसाच्या किंवा मक्याच्या साखरेतून येणाऱ्या पीएलएची कथा याहून कडक. साखरेतून लॅक्टिक आम्ल, त्यातून पीएलए. पुण्याच्या एका कंपनीने 2024 मध्ये जेजुरीला याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, हे आनंदाचंच. माल सुबक होतो, पेला काचेसारखा दिसतो. पण साधारण साठ अंशांच्या खाली त्याची साखळी जागची हलायला तयार नसते, त्यामुळे समुद्रात पडलेला पीएलएचा पेला वर्षानुवर्षं पेलाच राहतो. येळकोट येळकोट करून रेणू तुटत नाहीत.

आणि नैसर्गिक म्हणजे गरीब स्वभावाचं, हा आणखी एक गोड समज. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याला नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून कापूर मिसळला की सेल्युलॉइड. 1870 च्या सुमाराला अमेरिकेतल्या हयात बंधूंनी हे बाजारात आणलं, ते बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय म्हणून. पुढे याच घराण्यातल्या नायट्रेट फितीवर सिनेमा चढला. कापूस आणि कापूर, दोन्ही देव्हाऱ्यातले. पुण्यात जानेवारी 2003 मध्ये चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली आणि जुने चित्रपट खाक झाले, तेव्हा हा सात्त्विक माल कसा पेटतो ते सगळ्यांनी पाहिलं.

कोकणातल्या काजूच्या टरफलाचं तेल मात्र बिचारं कधी पान-फूल छापून मिरवत नाही. सोलणाऱ्या बायकांचे हात भाजून काढणारं हे तेल तापवून, फॉर्माल्डिहाइडशी जुळवून जी राळ होते ती गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जाते. ती कुजत नाही, आणि कुजू नये हीच अपेक्षा. घाटात उतरताना ब्रेकने मातीत मिसळून जायचं ठरवलं तर?

तेव्हा पिशवीला एकच विचारावं: बाई, तू जाणार कुठे? ओल्या कचऱ्यात टाकली तर वर्गीकरण करणाऱ्या ताई प्लास्टिक समजून तिला बाहेर काढतात. त्यांचं काय चुकलं? दिसते तशीच. सुक्यात टाकली तर पुनर्वापराच्या प्लास्टिकमध्ये मिसळून त्याचाही कस घालवते. 58 अंशांचं कंपोस्ट चालवणारी यंत्रणा तुमच्या प्रभागात असेल तर नगरसेवकांना विचारून पाहा. ते नक्की उद्घाटनाची तारीख सांगतील.