माजी ग्राहकांच्या वतीने, सप्रेम

प्रति,
मा. प्रमुख, 'ग्राहक टिकवा' विभाग,
महिन्याच्या महिन्याला पैसे कापणाऱ्या समस्त ऑनलाइन सेवा

विषय : सेवा बंद केल्यावरही नेमाने चालू असलेल्या आपल्या वजावटीबद्दल आभार

महोदय,

आपल्या निष्ठेला तोड नाही. ग्राहक आपल्याला सोडून गेला तरी आपण त्याला सोडत नाही, त्याच्या खात्याची आठवण दर महिन्याला ठरल्या तारखेला काढता आणि आठवणीखातर थोडीफार रक्कमही घेऊन जाता. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या निमगाव केतकीसारख्या पानमळ्यांच्या गावातही आता मालिका, क्रिकेट, गाणी आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग मोबाइलवर महिन्याच्या हिशेबाने मिळतात, ही सोय आपलीच कृपा. सेवा सुरू करायला एकदा बोट टेकवायचे आणि यूपीआयचा पिन टाकायचा, एवढेच काम. बंद करताना मात्र आपण आधी कारण विचारता, मग सवलत देऊ करता, मग 'खरंच जाताय?' म्हणून हळहळता आणि शेवटी 'आपली वर्गणी रद्द झाली आहे' असा निरोप धाडता. पुढच्या महिन्यात पैसे कट होतात ते होतातच. आमच्याकडे दुधाचा रतीब असतो. उद्यापासून नको म्हटले की दूधवाला उद्या दूध घालत नाही आणि महिनाअखेरीस उद्याच्या दुधाचे पैसेही मागत नाही. त्याच्याकडे संगणक नाही, म्हणून बिचाऱ्याला हे जमत असावे.

आता आपल्या कारभाराची खरी खुबी. ग्राहकाला वाटते, 'रद्द' दाबले की सगळे संपले. प्रत्यक्षात त्याने दोन वेगवेगळ्या गोष्टींना मान्यता दिलेली असते: एक आपल्या सेवेला आणि दुसरी खात्यातून परस्पर पैसे काढण्याच्या अधिकाराला. या दुसरीला बँकवाले मॅन्डेट म्हणतात, यूपीआयच्या ॲपमध्ये ती 'ऑटोपे' या नावाखाली दिसते. आपले बटण अनेकदा फक्त पहिली गोष्ट बंद करते. दुसरी बँकेत जिवंत राहते आणि आपल्याकडच्या यंत्रणेत जरा कुठे चूक राहिली, किंवा 'चूक' राहू दिली, की तिच्यावर पुन्हा वसुली होते. ज्याने मोबाइलमधून ॲपच काढून टाकले, त्याचे तर विचारूच नका. त्याने दुकानाकडे पाठ फिरवलेली असते, पण वसुलीचा कागद आपल्या गल्ल्यातच असतो.

यावर आपण म्हणाल, नियम आहेत, आम्ही ते पाळतो. नियम आहेत, हे खरे. रिझर्व्ह बँकेने 21 ऑगस्ट 2019 च्या परिपत्रकात कार्डावरून होणाऱ्या अशा आवर्ती वसुलीला शिस्त लावली आणि जानेवारी 2020 मध्ये ती यूपीआयलाही लागू केली. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, मॅन्डेट कधीही मागे घेण्याची ऑनलाइन सोय बँकेने दिली पाहिजे आणि ग्राहकाने तो मागे घेतल्यावर कंपनीने त्याच्या कार्डाची माहिती पुसली पाहिजे, असे त्यात आहे. पण यातली दिशा पाहा. ग्राहकाने बँकेकडे मॅन्डेट तोडला तर त्याची झळ आपल्यापर्यंत पोहोचते. ग्राहकाने आपल्याकडे सेवा तोडली तर मॅन्डेटही आपणच तोडला पाहिजे, अशी सक्ती मात्र त्या परिपत्रकात नाही. सगळे पाणी याच भगदाडातून वाहते. माझे सारे म्हणणे एवढेच आहे की, ज्या दिवशी आपण 'रद्द' असे लिहून देता त्याच दिवशी वसुलीचा अधिकारही आपणच बँकेला परत करावा, आणि तो न करता पैसे घेतले तर ती विनासंमती उचल मानली जावी.

चोवीस तास आधीची सूचना येते ना, मग तक्रार कसली, हा आपला लाडका मुद्दा. सूचना बहुधा इंग्रजीत येते, रिचार्जच्या जाहिराती आणि कर्जाच्या आमिषांच्या गर्दीत येते आणि खात्याला जोडलेल्या क्रमांकावर येते. गावाकडच्या घरांत तो क्रमांक अनेकदा वडिलांचा असतो आणि सेवा वापरणारा मुलगा पुण्यात शिकत असतो. वडिलांनी ती सूचना वाचून मुलाला विचारून बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चोवीस तासांच्या आत मॅन्डेट थांबवावा, अशी आपली अपेक्षा दिसते. शिवाय ज्याने आधीच रद्द केले आहे त्याने ती सूचना पुन्हा का वाचावी? एकदा नाही म्हटलेल्या माणसाला दर महिन्याला नाही म्हणायला लावणे याला संमती म्हणायचे असेल, तर गप्प बसण्याला मतदान म्हणता येईल.

दुसरा मुद्दा रकमेचा. 199 रुपयांसाठी एवढा आरडाओरडा? महोदय, गणित आपल्या पदरचे आहे, मी फक्त ते मांडतो. सेवा रद्द केलेल्या एक लाख लोकांकडून एकाच महिन्याचे 199 रुपये चुकून कापले गेले, तर ती चूक 1 कोटी 99 लाख रुपयांची होते. प्रत्येकासाठी ती किरकोळ, आपल्यासाठी भरघोस. आणि 199 रुपयांसाठी निमगाव केतकीहून शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या पुण्यात जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत कोणी जात नाही, हे आपल्याला ठाऊक असते. रक्कम लहान ठेवणे हाच आपला खरा वकील आहे.

तिसरा मुद्दा जरा वजनदार आहे, म्हणून त्यावर थांबतो. आपण म्हणता, फार बंधने घातली तर विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड, वीजबिले अडकतील आणि त्रास ग्राहकालाच होईल. ऑक्टोबर 2021 पासून जुने नियमबाह्य मॅन्डेट बंद झाले तेव्हा अनेकांची देयके खरोखरच अडकली होती. आपोआप हप्ता जाणे ही सोय आहेच, ती काढून टाका असे कोणी म्हणत नाही. पण त्यानंतर काय झाले ते आठवा. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा सुरुवातीला 2,000 रुपये होती. पुढे ती 5,000 झाली, जून 2022 मध्ये 15,000 झाली आणि डिसेंबर 2023 मध्ये विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी एक लाखावर गेली. पैसे घेण्याची वाट टप्प्याटप्प्याने रुंद होत गेली. ते थांबवण्याचे ओझे मात्र ग्राहकाच्याच खांद्यावर राहिले. हप्ता चुकू नये म्हणून एवढी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेला, रद्द झालेली वर्गणी चुकून जाऊ नये ही काळजी पेलणार नाही, हे पटत नाही.

आणि हे अवघड असते ते तंत्रामुळे, असे तरी म्हणू नका. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने 2023 मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला तेव्हा आरोप होता की प्राइमची वर्गणी रद्द करायला चार पाने, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत, आणि या वाटेला कंपनीत 'इलियड' असे नाव होते. ट्रॉयच्या युद्धाच्या महाकाव्याचे नाव ग्राहकाच्या सुटकेला देणारी माणसे वाङ्मयप्रेमी होती, एवढे नक्की. सप्टेंबर 2025 मध्ये कंपनीने चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. उलट जर्मनीत 1 जुलै 2022 पासून ऑनलाइन करार मोडण्याचे बटण संकेतस्थळावर ठळक ठेवणे सक्तीचे आहे. म्हणजे बटण बसवता येते, फक्त सांगावे लागते.

आपल्याकडेही सांगून झाले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यातल्या 13 प्रकारांत वर्गणीचा सापळा आहे. रद्द करण्याची वाट लपवणे आणि फुकट चाचणीसाठी आधीच पैशांची माहिती मागणे, दोन्ही त्यात बसते. त्याहून जुना दाखला आपल्या थोरल्या भावंडांचा. मोबाइलवर न मागता चिकटणारी गाणी, विनोद आणि राशिभविष्ये आठवतात? ग्राहक शहाणा झाला म्हणून ती आटोक्यात आली नाहीत. दूरसंचार नियामकाने जुलै 2013 मध्ये दुसऱ्यांदा संमती घेतल्याशिवाय सेवा सुरू करू नका असे बजावले, आणि बंद करण्यासाठी 155223 हा सगळ्या कंपन्यांना समान क्रमांक होता. बंद करण्याची किल्ली विकणाऱ्याच्या एकट्याच्या हातात ठेवायची नाही, हे तेव्हा कळले होते. मॅन्डेटच्या बाबतीत मात्र आपण ते विसरलो.

तेव्हा रिझर्व्ह बँकेने एक ओळ वाढवावी: सेवा रद्द केल्याची पावती म्हणजेच मॅन्डेट रद्द केल्याची सूचना. तोवर हे पत्र वाचणाऱ्या आपल्या माजी ग्राहकांना माझी विनंती आहे. कंपनीच्या बटणावर थांबू नका. यूपीआयच्या ॲपमधली ऑटोपेची यादी उघडा, कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमधले मॅन्डेट पाहा आणि नको ते तिथूनच तोडा. रद्द केल्याच्या निरोपाचे छायाचित्र जपून ठेवा. तरीही पैसे कट झाले तर त्याच दिवशी बँकेकडे लेखी तक्रार करा, 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, आणि कंपनीविरुद्ध 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे घरबसल्या ऑनलाइन दाद मागता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही.

कळावे,
आपला, आपल्या नोंदीप्रमाणे अजूनही ग्राहक,
निमगाव केतकी, ता. इंदापूर, जि. पुणे